देशी कुत्रीला फक्त पगची भीती – कुणी यातून गेलंय का?

गौरी_लालबाग | १४ जून, रात्री १०:५०

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय मदत मागता येणार नाही.

चिंगी आमची अडीच वर्षांची देशी कुत्री. शिवडीला एका गोदामाबाहेर मिळाली तेव्हा चार महिन्यांची होती, आता १९ किलोची आहे. घरात गुणी. सोसायटीतला रॉटवायलर, दोन लॅब, गल्लीतली भटकी मंडळी, कुणाशीही तिचं वाकडं नाही. फक्त पग (चपट्या तोंडाचं ते छोटं कुत्रं) दिसला की तिचं अवसान गळतं. दिसायलाही लागत नाही, त्याच्या श्वासाची घरघर कानावर पडली तरी पुरे.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. ती तेव्हा आठ महिन्यांची होती. आम्ही नवव्या मजल्यावरून खाली येत होतो. पाचव्यावर दार उघडलं आणि तिथला पग पट्ट्याशिवाय थेट आत घुसला. चावला नाही, भुंकलाही नाही. तिच्या तोंडाशी तोंड नेऊन घरघरत हुंगत राहिला. चिंगीच्या मागे भिंत, पुढे तो. त्याचे मालक फोनवर बोलत होते. पाचव्यापासून तळमजल्यापर्यंत अर्धं मिनिट लागत असेल. तेवढ्यात तिनं उभ्याउभ्या लघवी केली.

त्या दिवसापासून आम्ही नऊ मजले जिन्यानं चढतो-उतरतो. बिल्डिंगमध्ये लोक हसतात, "एवढी मोठी कुत्री आणि एवढ्याशा पगला भिते?" मला त्या हसण्याचा फार त्रास होतो. गेल्या वर्षी एका प्रशिक्षकाला बोलावलं. त्यांनी तिला एका पगबरोबर खोलीत दोन तास बंद ठेवायला लावलं, "सवय होईल" म्हणाले. ती दारालाच तोंड लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी जेवली नाही.

आणि आता गेल्या मंगळवारी गेटवर तो पग समोर आला. चिंगी मागे सरकत सरकत पट्ट्यातून डोकं काढून सटकली ती थेट आंबेडकर रोडवर. एका टॅक्सीवाल्या दादांनी करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. पुलाखाली उभ्या असलेल्या टेम्पोच्या चाकाआड सापडली, थरथरत होती. मी तिला उचलून घरी आणलं आणि दाराला कडी लावून तिथेच रडत बसले.

कृपया सांगा, यातून कुत्रं बाहेर येतं का? आणि सुरुवात कुठून करायची?

पार्लेकर | १४ जून, रात्री ११:२०

गौरीताई, येतं बाहेर. आमचा बीगल बॉक्सर जातीच्या कुत्र्यांना असाच घाबरायचा, ११ महिने लागले.

पण उद्या सकाळी सगळ्यात आधी हार्नेस आणा. साधा गळपट्टा मागच्या मागे निसटतो, घाबरलेलं कुत्रं तर निसटतंच. छातीवर इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात बसणारा, खांद्यांना मोकळं ठेवणारा हार्नेस घ्या. पट्टा एक हार्नेसला आणि एक गळ्याला, दोन्ही टोकं हातात. गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला हवा. उपाय नंतर, आधी ती रस्त्यावर पळणार नाही याची खात्री.

आता दोन प्रश्न. पग किती लांब असताना ती थिजते? आणि किती लांब असताना ती तुमच्या हातचा खाऊ खाते?

अजिंक्य७८ | १५ जून, सकाळी ७:०५

मी लहानपणापासून कुत्री पाळली आहेत. कुत्र्याला कळपाचा प्रमुख लागतो. तुम्ही तिला उचलून घेता, गोंजारता, त्यानं भीती वाढते. पट्टा घट्ट धरा, न थांबता पगच्या बाजूनं चालत जा. बॉस कोण हे एकदा कळलं की प्रश्न सुटतो.

किनारा | १५ जून, सकाळी ८:४०

अजिंक्यदादा, तुमचा अनुभव मोठा असेल, पण इथे मी ठामपणे नाही म्हणेन. कळपाच्या "अल्फा"ची, म्हणजे प्रमुखाची, कल्पना बंदिवासात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिल्यावर १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. आणि इथे तर प्रश्न हुकमाचा नाहीच. चिंगी ऐकत नाही असं नाही, तिला भीती वाटतेय. पट्टा घट्ट धरून पगशेजारून नेलं तर तिच्या लेखी परत तीच लिफ्ट.

गोंजारल्यानं भीती वाढते हेही खरं नाही. भीती ही भावना आहे, बक्षीस मिळालं म्हणून कुणी जास्त घाबरत नाही. गौरी, तिला जवळ यायचं असेल तर येऊ दे.

डॉ_सारंग | १५ जून, दुपारी ३:१५

मी पशुवैद्य आहे, ठाण्यात प्रॅक्टिस करतो. न तपासता औषध सांगणार नाही, पण काही गोष्टी इथे सांगता येतील.

आठ महिने हे वय लक्षात घ्या. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जग ओळखायला शिकतं, ती पहिली नाजूक वेळ. तारुण्यात येताना, साधारण सहा महिन्यांनंतर, बऱ्याच कुत्र्यांमध्ये पुन्हा एक हळवा काळ दिसतो. त्या काळात एकाच वाईट प्रसंगाचा ठसा कायमचा बसू शकतो. चिंगीचं तेच झालेलं दिसतं.

पगच का? कारण कुत्री एकमेकांशी चेहऱ्यानं, कानांनी, शेपटीनं आणि श्वासानं बोलतात. पगचं कपाळ कायम आठ्यांचं, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, म्हणजे समोरच्याला रोखून पाहिल्यासारखे. शेपटी एरवी पाठीवर वळलेली, त्यामुळे ती खाली सोडून "मी शांत आहे" असं सांगणं त्याला अवघड. नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग कवटीच्या मानानं लांब, त्यामुळे श्वासाला कायम घरघर. दुसऱ्या कुत्र्याला ती गुरगुर वाटू शकते. गुरगुरत, रोखून पाहत, शेपटी वर करून कुणीतरी तोंडाशी आलं आणि पळायला जागा नव्हती, असं चिंगीनं त्या दिवशी वाचलं. तिची चूक नाही. पगचीही नाही.

एकदा तिला पूर्ण तपासून घ्या. कान, सांधे, दात. अंगात दुखणं असेल तर भीती लवकर भडकते. तुम्ही लालबागला आहात, म्हणजे परळचं बैलघोडा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे गरज वाटली तर चिंता कमी करणारी औषधं आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. पण ती तपासूनच द्यायची, घरातली माणसांची गोळी कधीही नाही.

सदाफुली | १५ जून, रात्री ९:३०

माझ्याकडे पग आहे. नऊ वर्षांची म्हातारी. हा धागा वाचून गळा दाटून आला.

रस्त्यात लोक आपली कुत्री ओढून घेतात, "गुरगुरतंय बघ" म्हणतात. ती गुरगुरत नाही हो, ती श्वास घेते. हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, पण मुंबईच्या मे महिन्यात या जातीला काय सोसावं लागतं हे विकणाऱ्यानं कुणाला सांगितलं नाही. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं आणि यांना नीट धापही टाकता येत नाही. आम्ही उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला दहा मिनिटं फिरतो, बस्स.

गौरी, एक विचारू? पाचव्या मजल्यावर तुम्ही हे कधी सांगितलंय का?

गौरी_लालबाग | १६ जून, रात्री ११:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. हार्नेस आणला.

पार्लेकर, अंतर मोजलं. आमच्या पार्किंगमध्ये खांब आहेत, दोन खांबांमध्ये माझी दहा पावलं बसतात. समोरच्या विंगमधला पग फिरत होता. पाच खांबांवर ती थिजली, एक पाय उचललेला, तोंड मिटलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. चिकन नाकाशी धरलं तरी हुंगलं नाही. सात खांबांवर ओठ चाटत होती, जांभया देत होती, पण चिकन घेतलं.

सदाफुली, नाही सांगितलं. पावणेदोन वर्षांत एकदाही नाही. मी त्यांच्यावर इतकी रागावले होते की लिफ्टपाशी दिसले तरी मान फिरवायचे.

पार्लेकर | १७ जून, सकाळी ६:५०

सात खांब हा तुमचा पाया. तिथून सुरुवात करा, सहावरून नाही.

करायचं एवढंच. पग दिसला की त्यानंतर लगेच खाऊ. क्रम महत्त्वाचा आहे, आधी पग, मग खाऊ. उलटं केलंत तर खाऊची पिशवी उघडली की ती पग शोधायला लागेल आणि खाऊचीच भीती बसेल. पग दिसेनासा झाला की खाऊ बंद. काही दिवसांनी पग दिसल्यावर ती वळून तुमच्याकडे बघेल, "कुठंय माझा खाऊ?" ती नजर मिळाली की समजा काम सुरू झालं. मग ती पगकडे बघेल त्या क्षणी "हां!" म्हणायचं आणि द्यायचं.

एका वेळी तीन-चार मिनिटं पुरे. जमलं म्हणून लांबवू नका, मी त्याच मोहात पडून दोन महिने मागे गेलो होतो.

खाऊ एरवी न मिळणारा हवा. आमच्याकडे सगळ्यात चालला तो सुका जवळा. दोनदा धुवायचा, तव्यावर कोरडा भाजायचा. त्या वासापुढे चिकन फिकं. पीनट बटर देणार असाल तर डबीवर झायलिटॉल नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विष आहे. कांदा आणि मनुका कशातही नकोत.

किनारा | १७ जून, सकाळी १०:२०

यात आवाज वेगळा आणि वास वेगळा घेता येईल. चिंगी आधी घरघरीला घाबरते ना? मग पगच्या श्वासाचं रेकॉर्डिंग करा आणि घरात तिच्या जेवणाच्या वेळी अगदी हळू आवाजात लावा. इतकं हळू की तिचे कान हलतील पण जेवण थांबणार नाही. चार-पाच दिवसांनी एक रेघ वाढवा.

आणि ती कधी गुरगुरली तर दटावू नका. गुरगुर म्हणजे सूचना. सूचना दाबली की पुढच्या वेळी कुत्रं न सांगता चावतं.

गौरी_लालबाग | २९ जून, रात्री १०:००

काल पाचव्या मजल्यावर जाऊन आले. दार उघडलं ते काकूंनी. मी सगळं सांगितलं, लिफ्ट, जिने, आंबेडकर रोड. काकूंना काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी काका त्यांच्याच ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोलत होते म्हणे. काकू म्हणाल्या, "अगं, नऊ मजले? रोज? आणि बोलली नाहीस?" आणि माझा हात धरून बसल्या.

लाडू नाव आहे त्याचं. सात वर्षांचा. त्याच्या नाकपुड्या इतक्या अरुंद आहेत की डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. तो सोफ्याखाली झोपला होता, लादी गार लागते म्हणून. मी फोन त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवला आणि सहा मिनिटं त्याची घरघर रेकॉर्ड केली. श्वास आत जाताना एक बारीक शिट्टी, मग खरखर, मग मध्येच काही क्षण काहीच नाही, आणि मग दचकून एक मोठा श्वास. ज्याला मी इतके दिवस शत्रू समजत होते तो श्वासासाठी झगडत होता.

काकूंनी त्याच्या अंथरुणावरचा एक पंचा दिला. तो आमच्या बाल्कनीच्या दाराशी ठेवलाय, त्याच्यापासून हात-दीड हातावर जवळा टाकते. आज तिनं मान लांब करून हुंगला.

त्यांच्या फिरण्याच्या वेळा आता मला मेसेजवर येतात. आपापसात ठरवलंय, अचानक समोरासमोर यायचं नाही.

वसुधा_बोरिवली | ३० जून, सकाळी ९:१५

लिफ्टवरून आठवलं. कुणाच्या सोसायटीनं पाळीव कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी घातली असेल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवा, तशी बंदी घालता येत नाही. पट्टा मात्र हातात हवाच, तो आपला शब्द आहे शेजाऱ्यांना.

गौरी_लालबाग | ६ ऑगस्ट, रात्री १०:४५

रेकॉर्डिंग आता पूर्ण आवाजात चालतं आणि चिंगी जेवत राहते. पहिले दहा दिवस आवाज एकाच रेघेवर ठेवला होता.

पार्किंगमध्ये आम्ही साडेचार खांबांवर आलोय. पाऊस असल्यानं लाडूलाही बरं वाटतं, हवा थंड असते. काका त्याला घेऊन टोकाच्या खांबाशी उभे राहतात, पाठमोरे. मी इकडून. तीन मिनिटं, मग सगळे आपापल्या घरी. मागच्या गुरुवारी लाडू शिंकला, चिंगीनं दचकून त्याच्याकडे पाहिलं आणि गर्रकन मान वळवून माझ्याकडे. जवळ्यासाठी! पार्लेकर, तुम्ही म्हणाला होतात तीच नजर. मी मूठभर जवळा खाली ओतला.

आता गणपती जवळ आलेत. लालबागला ते दहा दिवस कसे असतात ते सांगायला नको. काय करू?

डॉ_सारंग | ७ ऑगस्ट, दुपारी २:३०

थांबवा. पूर्ण थांबवा. ताण साठत जातो. ढोल, ताशा, फटाके, गर्दी यांनी ती आधीच भरलेली असेल, मग साडेचार खांबही जवळ वाटतील. एकदा मोठी दचकली की शरीर शांत व्हायला तास नाही, कधीकधी एक-दोन दिवस लागतात. त्या दहा दिवसांत पहाटे चारला गर्दी ओसरते तेव्हा फिरवून आणा, बाकी वेळ घरात हुंगायचे खेळ. जुन्या चादरीच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा. विसर्जनानंतर सात खांबांवरून पुन्हा सुरू करा. लवकर भरून येतं.

जाता जाता सांगतो. हे सगळं ज्या तत्त्वावर चाललंय ते रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचं, आणि त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेच्या अभ्यासाबद्दल. लाळ कशी सुटते हे पाहताना त्यांना खूण आणि खाण्याचा हा धागा सापडला. तुमच्या मुठीतला जवळा तेच काम करतोय.

अजिंक्य७८ | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

धागा पहिल्यापासून वाचतोय. माझा आधीचा सल्ला मागे घेतो. माझ्याकडे एक डॉबरमन होता, फटाक्यांना भ्यायचा. मी त्याला पट्ट्यानं बांधून गॅलरीत उभा करायचो, सवय व्हावी म्हणून. शेवटपर्यंत भीती गेली नाही त्याची. आता कळतंय का ते.

सदाफुली | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. ज्याला जे माहीत असतं तेच तो करतो.

गौरी_लालबाग | २ नोव्हेंबर, रात्री ११:००

बरेच दिवसांनी धागा वर काढतेय.

गणपतीनंतर खरंच सात खांबांवरून सुरू करावं लागलं, पण दहा दिवसांत परत साडेचारवर आलो. मग तीनवर अडकलो. तिथून पुढे तिचा पाय उचलेना. किनारानं निरोपात सुचवलं की समोरासमोर उभं राहणं सोडा, दोघांना एकाच दिशेला चालवा, मध्ये रस्ता ठेवून.

म्हणून रविवारी पहाटे काळी-पिवळी करून दोन्ही कुत्र्यांना माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला न्यायला लागलो. एका टॅक्सीत चिंगी आणि मी, दुसरीत लाडू, काका आणि काकू. तिथले रस्ते रुंद, झाडं मोठी, त्या वेळी गाड्या नाहीत. ते त्या फुटपाथवर, आम्ही या. लाडू पाच मिनिटांत दमतो, मग काका त्याला उचलून बाकावर बसतात. त्यानं मुतलेल्या झाडापाशी आम्ही नंतर जातो. चिंगी त्या बुंध्याशी किती वेळ उभी राहते, मोजलं एकदा, सव्वा मिनिट. पहिल्या रविवारी शेपटी पोटाशी होती. तिसऱ्या रविवारी मध्ये फक्त गवताचा पट्टा होता.

लाडूची शस्त्रक्रिया ठरली आहे, दिवाळीनंतर. काकू घाबरल्या आहेत.

पार्लेकर | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

एक लक्षात ठेवा, लाडूशी जमलं म्हणजे सगळ्या पगांशी जमलं असं नाही. कुत्रं एकेक करून शिकतं. पुढे दुसरे, तिसरे पग हवेत, जागा बदलून. आमच्या बीगलला चार बॉक्सर लागले. आणि लाडूला माझा नमस्कार सांगा.

गौरी_लालबाग | १४ डिसेंबर, दुपारी १:२०

लाडूची शस्त्रक्रिया नीट झाली. तीन आठवडे तो घरातच होता. घरघर पूर्ण गेली नाही, पण ती शिट्टी गेली. काकू सांगत होत्या, पहिल्यांदा तो रात्रभर कुशीवर झोपला.

आज सकाळी मी चिंगीला घेऊन जिन्यानं उतरत होते. पाचव्या मजल्यावर काकू दार उघडं टाकून रांगोळी काढत होत्या आणि लाडू उंबऱ्यात बसला होता. वेळ ठरलेली नव्हती, एकमेकींना कळवायचं आम्ही दोघीही विसरलो होतो. माझ्या पोटात गोळा आला. मी पट्टा सैल सोडला आणि वर जायचा रस्ता मोकळा ठेवला, पळायचं असेल तर पळू दे म्हणून.

चिंगी चौथ्या पायरीवर थांबली. लाडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशात जवळा नव्हता, मी नुसतं "हां" म्हणाले. ती दोन पायऱ्या उतरली, बाकदार होऊन, मागचे पाय वरच्याच पायरीवर ठेवून. लाडू उठला आणि वळून तिच्याकडे पाठ करून बसला. तिनं त्याची शेपटी हुंगली. एक, दोन, तीन. मग अंग झटकलं, कान फडफडले आणि ती रांगोळीला वळसा घालून पुढे निघाली. काकूंच्या हातातली रांगोळी तशीच चिमटीत होती.

लिफ्ट अजून नाही. दार उघडलं की ती मागे सरकते. उद्यापासून लिफ्ट तळमजल्यावर थांबवून, दार उघडं ठेवून, तिला आत-बाहेर करायला देणार आहे, एकटीलाच. वॉचमनकाका म्हणालेत दुपारी दोन ते अडीच कुणी नसतं, मी दार धरून ठेवतो. कुणी लिफ्टचं असं काही केलं असेल तर लिहा.